व्ही.पी.चा धंदा, फ्लॉप्यांचा डबा आणि परत आलेली पार्सलं

प्रश्न असा आहे: आजोबांचा १९८०च्या दशकात सांगलीत टपालानं पुस्तकं आणि घरगुती वस्तू विकायचा धंदा होता. त्यांच्या कपाटात सव्वापाच इंची फ्लॉप्यांचा एक डबा, मनीऑर्डरच्या कूपनांचे गठ्ठे आणि ‘विभाग क-७’ असा पत्ता असलेली जाहिरातींची कात्रणं सापडली आहेत. एवढ्याशा धंद्यात कॉम्प्युटर नेमकं काय करत होता? लोक त्या दिवसांची इतकी हळवी आठवण काढतात, ते दिवस खरंच तसे होते का? आणि या फ्लॉप्या आज वाचता येतील का?

माझी नोकरी मुंबईत ईडीपी खात्यात झाली. हल्ली ज्याला आयटी म्हणतात त्याला तेव्हा ईडीपी म्हणत. त्यातली बरीच वर्षं मेल-ऑर्डरच्या याद्या सांभाळण्यात गेली, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. त्या कॉम्प्युटरमुळे माल जास्त खपत नव्हता की पार्सल एक दिवसही लवकर पोचत नव्हतं. कोण व्ही.पी. (व्हॅल्यू पेएबल, म्हणजे दारात पैसे भरून घ्यायचं पार्सल) सोडवून घेतो आणि कोण परत पाठवतो, एवढं तो लक्षात ठेवायचा. पण सगळा धंदा त्या एकाच गोष्टीवर उभा होता.

व्ही.पी. कशी चालायची हे आधी बघू. गिऱ्हाईक पोस्टकार्डावर मागणी लिहायचं. दुकानदार माल बांधून, टपालाचे पैसे स्वतःच्या खिशातून भरून पार्सल पोस्टात द्यायचा आणि त्यावर वसुलीची रक्कम लिहायचा. पोस्टमन ते पार्सल घेऊन दारात जायचा, पैसे घ्यायचा, मगच पार्सल हातात द्यायचा. ती रक्कम पुढे मनीऑर्डरनं दुकानदाराकडे यायची. गिऱ्हाईक घरी नसलं किंवा हातात पैसे नसले, तर पार्सल पोस्टात सात दिवस थांबायचं आणि मग आल्या वाटेनं परत निघायचं. भारतात ही सोय १८७७ सालापासून होती. अमेरिकेच्या टपाल खात्यानं माल दारात देऊन पैसे वसूल करायची सोय १९१३ मध्ये सुरू केली, म्हणजे आपण त्यांच्या छत्तीस वर्षं पुढे होतो. शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्डनं १८७२ पासून आणि नंतर सीअर्सनं जो कॅटलॉगचा धंदा उभा केला, त्यात गिऱ्हाईक बहुधा आधी पैसे पाठवायचं. आपल्याकडे अनोळखी मुंबईवाल्याला आधी पैसे पाठवायला कोण तयार होणार? त्यामुळे जोखीम दुकानदाराच्या गळ्यात.

ही जोखीम किती मोठी, ते आकड्यात बघा. समजा एका वस्तूमागे सगळा खर्च वजा जाता दहा रुपये सुटतात, आणि पार्सल परत आलं तर टपाल, बांधणी आणि खराब झालेलं वेष्टन मिळून आठ रुपये अंगावर पडतात. शंभर पार्सलं पाठवली आणि तीस परत आली, तर सत्तरांचे ७०० मिळाले, तिसांचे २४० गेले, हातात ४६० राहिले. तीसच्या जागी पंचेचाळीस परत आली, तर हातात फक्त १९०. माल तोच, जाहिरात तीच, कष्ट तेच. दुपारी परत आलेल्या व्ही.पीं.चं पोतं किती फुगलंय, ते बघून मालकाचा चेहरा का बदलायचा हे यावरून कळेल.

कॉम्प्युटरच्या आधी हे सगळं रजिस्टरात चालायचं. टपालानं विकणं आपल्याकडे मुळीच नवं नव्हतं. पुण्याच्या पोचांचे बियाण्यांचे कॅटलॉग घरोघरी जायचे, आणि मुंबईत काळा घोड्याला ज्यांची इमारत अजून उभी आहे त्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचे जाडजूड कॅटलॉग साहेब लोकांच्या छावण्यांत. दिवाळी अंक, पंचांग, घड्याळं, औषधं, सगळं व्ही.पी.नं मागवलं जायचं. मोठ्या कार्यालयांत पत्ते छापायला ॲड्रेसोग्राफ नावाचं यंत्र असायचं. प्रत्येक गिऱ्हाइकाची पत्र्याची एक पट्टी, तिच्यावर नाव-पत्ता उठवलेला. पट्ट्या यंत्रात एकामागून एक सरकायच्या आणि लिफाफ्यावर ठसा उमटायचा. यादी म्हणजे अक्षरशः पत्र्याचे ड्रॉवर. एखाद्यानं व्ही.पी. परत पाठवली की त्याची पट्टी काढून बाजूला टाकायची, म्हणजे पुढचं पत्रक त्याला जाणार नाही. आपला हिशेब खरं तर इथंच सुरू झाला.

मग पंचकार्डं आली, म्हणजे भोकं पाडून माहिती साठवायची जाड कागदाची कार्डं. इंग्लंडमध्ये लायन्स नावाच्या चहा-केकवाल्या कंपनीनं १९५१ मध्ये स्वतःच बांधलेल्या ‘लिओ’ कॉम्प्युटरवर बेकरीचे हिशेब सुरू केले होते. धंद्याच्या रोजच्या कामाला लागलेला हा पहिला कॉम्प्युटर. आपल्याकडे साठच्या दशकात मोठ्या कंपन्यांत दिसायचा तो आयबीएमचा १४०१. त्याची मेमरी जास्तीत जास्त १६,००० अक्षरांची. पण त्याच्या जोडीचा १४०३ प्रिंटर मिनिटाला ६०० ओळी छापायचा, आणि यादीवाल्यांना त्याचंच अप्रूप होतं. अर्थात असं यंत्र स्वतःचं असणं फार थोड्यांना परवडायचं. बाकीचे सर्व्हिस ब्यूरोकडे जायचे, म्हणजे यंत्र त्यांचं, कार्डं आपली आणि पैसे तासावर. मुंबईत १९६८ साली सुरू झालेली टीसीएससुद्धा पहिल्यांदा समूहातल्या कंपन्यांची पंचकार्डांची कामंच करायची, हे आज सांगितलं तर तरुण मंडळींना पटत नाही.

पंचकार्डावर एका गिऱ्हाइकाचं काय व्हायचं, ते सांगण्यासारखं आहे. कार्डावर ८० रकाने. त्यात गिऱ्हाइकाचा क्रमांक, कार्डाचा क्रमांक आणि पिन कोड धरला, तर नाव-पत्त्याला साठ-पासष्ट अक्षरंच उरायची. ‘मु. पो. अमुक, ता. तमुक, जि. ढमुक’ अशा पत्त्याला दोन-तीन कार्डं लागणारच. दहा हजार गिऱ्हाइकं म्हणजे तीस हजार कार्डं, दोन हजारांचा एक खोका या हिशेबानं पंधरा खोके. ती पिन कोडप्रमाणे लावायची, तर सॉर्टर यंत्र एका खेपेला एकच रकाना बघायचं. पिन सहा आकडी, म्हणून सहा खेपा. पहिली खेप शेवटच्या आकड्यावर, मग त्याच्या आधीचा, असं उलट्या क्रमानं यायचं. मिनिटाला हजार कार्डांच्या वेगानं निव्वळ यंत्राचे तीन तास, आणि दर खेपेला कार्डं उचलून पुन्हा भरायची ते वेगळं. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणानं कार्डं फुगायची आणि यंत्रात अडकायची. एका गिऱ्हाइकाचं मधलं कार्ड फाटलं, की साताऱ्याच्या माणसाच्या नावाखाली अकोल्याचा पत्ता छापून यायचा.

हा सगळा खटाटोप ज्या पिन कोडसाठी, तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर होते. केंद्रीय दळणवळण खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पहिला आकडा विभागाचा, त्यात महाराष्ट्र आणि गोवा ४ मध्ये. पहिले तीन आकडे मिळून टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा, शेवटचे तीन त्या त्या पोस्ट ऑफिसचे. पत्रं हातानं निवडणाऱ्या माणसाची सोय व्हावी म्हणून हा कोड आला, पण आम्हा यादीवाल्यांना तो देवासारखा भेटला. खेड म्हटलं तर कुठलं? रत्नागिरी जिल्ह्यातलं ४१५७०९ की पुणे जिल्ह्यातलं ४१०५०५? वडगावांची तर गणतीच नाही. जिल्ह्याचं नाव लिहायला लोक विसरायचे, पिन लिहायला मात्र शाळेत शिकलेली मुलं विसरत नसत. वडिलांचं पोस्टकार्ड घरातली सातवीतली मुलगी लिहायची, हे अक्षरावरून कळायचं.

१९७८ मध्ये आयबीएमनं भारतातला कारभार गुंडाळला. त्यांची जुनी यंत्रं सांभाळायचं काम सरकारी सीएमसीकडे आलं, आणि एचसीएल, डीसीएम, पुढे विप्रो अशा देशी कंपन्यांची छोटी यंत्रं बाजारात आली. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणानं आयात सोपी केली. त्यानंतर सांगलीतल्या आजोबांसारख्या माणसाला पीसी घ्यायचा विचार तरी करता येऊ लागला. बँकांत, विम्यात कॉम्प्युटरवरून संप आणि करार चालले होते तो हाच काळ. पण तीन माणसांच्या धंद्यात विरोध कोण करणार? तिथं प्रश्न एवढाच असायचा की हे यंत्र ठेवायचं कुठं आणि त्याला पंखा पुरेल की एसी लागेल.

तुमच्या डब्यातल्या फ्लॉप्या याच काळातल्या असणार. बहुतेक ३६० केबीच्या. एका गिऱ्हाइकाची नोंद साधारण २०० अक्षरांची धरली, तर एका फ्लॉपीवर अठराशे नावं. पीसी-एक्सटीची दहा एमबीची हार्ड डिस्क म्हणजे पन्नास हजार नावं. अर्थात प्रोग्रॅमला जागा ठेवली नाही तर. जिल्ह्यावार फ्लॉप्या करायची पद्धत सर्रास होती. तुमच्या फ्लॉप्यांवर ‘कोल्हापूर १’, ‘सोलापूर २’ अशा चिठ्ठ्या असतील, तर नवल वाटून घेऊ नका.

प्रोग्रॅम बहुधा डीबेस थ्री प्लस, म्हणजे पीसीवर याद्या ठेवायचा तेव्हाचा डेटाबेस. नाव, पत्त्याच्या तीन ओळी, पिन, शेवटच्या मागणीची तारीख, किती व्ही.पी. पाठवल्या, किती सुटल्या, किती परत आल्या, एवढे रकाने. त्यातले शेवटचे तीन सोन्याच्या मोलाचे. बाहेरून आणलेल्या तयार प्रोग्रॅमांत पत्त्याची जागा अमेरिकन घरांच्या मापाची असायची, घर क्रमांक, रस्ता, शहर, राज्य. त्यात ‘द्वारा ग्रामपंचायत, बस स्टँडसमोर, मु. पो.’ कुठं घालायचं? म्हणून जो तो स्वतःचा प्रोग्रॅम लिहायचा किंवा कॉलेजातल्या एखाद्या पोराकडून लिहून घ्यायचा. तारखेचंही तसंच. पहिल्या ओळीत ‘सेट डेट ब्रिटिश’ लिहिलं नाही, तर महिना आधी आणि दिवस नंतर. आजोबांच्या प्रोग्रॅमात ती ओळ सापडली, तर लिहिणारा जाणकार होता असं समजा.

आता जिथं आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला, त्या कामाबद्दल. एकच माणूस यादीत दोनदा असणं. हे किरकोळ वाटतं, पण ज्यानं दोन व्ही.पी. परत पाठवल्या तो तिसऱ्यांदा नाव जरासं बदलून मागणी करायचा. कधी मुद्दाम, बहुतेक वेळा सहजच. याद्या इंग्रजी अक्षरांत असायच्या. वाघ आडनाव कुणी व्ही लावून लिहायचं, कुणी डब्ल्यू लावून. साउंडेक्स नावाची एक जुनी अमेरिकन युक्ती आहे, १९१८ च्या पेटंटमधली. सारख्या उच्चाराची नावं एका सांकेतिक क्रमांकात बसवायची. पण ती पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवते. म्हणजे व्हीचा वाघ आणि डब्ल्यूचा वाघ तिच्या दृष्टीनं दोन वेगळे प्राणी. मराठी नावांना ती कामाची नव्हती.

मग सारखी नावं एकत्र यावीत म्हणून आम्ही आमची किल्ली, म्हणजे जुळवणीचा संकेत, बनवली. डब्ल्यूचा व्ही करायचा. दोन ए सलग आले तर एक ठेवायचा. दोन ईंचा आय, दोन ओंचा यू. मग स्वर गाळून आडनावातली पहिली तीन व्यंजनं घ्यायची, त्यांच्या आधी पिन लावायचा आणि शेवटी नावाचं पहिलं अक्षर. पाटील, पाटिल, पाटीलसाहेब, सगळे एका रांगेत आले. गंमत म्हणजे एवढं करूनही पश्चिम महाराष्ट्रात एका पिनमध्ये ‘एस’नं सुरू होणारे पाटील इतके निघायचे, की शेवटी वडिलांच्या नावाचं अक्षर आणि अनुभवी कारकुनाची नजर यांवरच भिस्त. आमच्याकडे एक बाई होत्या, त्या छापील यादीवर पेन्सिल फिरवत म्हणायच्या, “हा आणि हा एकच. दोघांचा र सारखा.” मूळ पोस्टकार्डं त्या जपून ठेवायच्या. अक्षर ओळखणारा प्रोग्रॅम आम्हाला त्या जन्मी मिळाला नसता.

पुढे पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड आलं, ते पीसीत बसवलं की पडद्यावर देवनागरी दिसायची, डीबेसमध्येसुद्धा. मराठी लेबलं छापता आल्यावर खेड्यातल्या पोस्टमनांची सोय झाली. आमचं मात्र दुखणं वाढलं. जुनी यादी इंग्रजी, नवी मराठी आणि माणूस एकच.

परतीचं उत्तर कॉम्प्युटरनं कसं दिलं, ते बघा. पहिला नियम सोपा होता. एकदा परत आली तर पुढच्या मागणीला अर्धे पैसे आगाऊ मागायचे. दोनदा आली तर सगळे. कार्ड छापून तयार असायचं, ‘आपल्या मागणीबद्दल आभारी आहोत, कृपया रु. अमुक मनीऑर्डरने पाठवावेत.’ माणसाला चोर न म्हणता त्याची परीक्षा घ्यायची. अर्धे पैसे पाठवणारा माणूस पार्सल हमखास सोडवतो.

दुसरा नियम आम्हाला यादीनंच शिकवला. परत आलेल्या पार्सलांच्या तारखा महिन्याच्या दिवसांप्रमाणे लावून बघितल्या, तर महिनाअखेरीला पोस्टात पोचलेल्या व्ही.पी. ढीगभर परत येत होत्या आणि एक ते दहा तारखेत पोचलेल्या फार थोड्या. यात कसलंही गूढ नाही. पगार. माणूस फसवत नव्हता, खिसा रिकामा होता, आणि पोस्टाचे सात दिवस त्याच्या पगाराच्या आत संपत होते. मग पिनच्या पहिल्या तीन आकड्यांवरून पार्सल पोचायला किती दिवस लागतात याचा एक तक्ता केला आणि प्रोग्रॅम त्यावरून पाठवणीची तारीख काढू लागला. मुंबईतलं पार्सल महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत निघायचं, चंद्रपूरचं त्याआधी. उसाच्या पट्ट्यात पगाराच्या तारखेला अर्थ नव्हता. तिथं कारखान्याचा हप्ता कधी निघतो ते विचारावं लागायचं आणि ते कुठल्याच कॉम्प्युटरात नसायचं. आमचा एक विक्रेता कोल्हापूरला फोन लावून विचारायचा, आणि आम्ही ती तारीख हातानं भरायचो.

सांगलीत आजोबांना हे फोनशिवायच माहीत असणार.

आता ‘विभाग क-७’. हा विभाग कुठंही नव्हता. वाचकाला वाटायचं केवढी मोठी कंपनी, खिडक्यांच्या रांगा, सातव्या टेबलावर क विभाग! प्रत्यक्षात ती जाहिरातीची खूण. ‘क’ म्हणजे अमुक मासिक, ‘७’ म्हणजे जुलैचा अंक. त्याच वस्तूची जाहिरात दुसऱ्या साप्ताहिकात ‘विभाग म-७’ म्हणून जायची. आलेल्या पोस्टकार्डावरचा विभाग कॉम्प्युटरात भरला, की कुठल्या मासिकातून किती मागण्या आल्या ते कळायचं, आणि थोडा धीर धरला तर त्यातल्या किती सुटल्या तेही. हा दुसरा आकडा फार बोलका. काही मासिकांतून मागण्यांचा पाऊस पडायचा आणि निम्मी पार्सलं परत यायची. काहींतून मोजक्याच मागण्या यायच्या, पण जवळजवळ सगळी पैसे भरून सोडवली जायची. दरमहा पान घ्यायचं ते अशा मासिकात.

मनीऑर्डरची कूपनं याच साखळीतला शेवटचा दुवा. पोस्टमन पैशांबरोबर कूपन द्यायचा, त्यावर व्ही.पी.चा क्रमांक लिहिलेला. तो क्रमांक आपल्या नोंदीशी जुळवला की ‘सुटली’ अशी खूण करायची. क्रमांक पुसट असला की रकमेवरून, पोस्टाच्या शिक्क्यावरून शोधाशोध. पोस्टकार्ड भरून घेण्याइतकाच माणसांचा वेळ या जुळवणीत जायचा. तुमच्या गठ्ठ्यांतल्या कूपनांवर लाल टिक असेल, ती हीच. टिक नसलेली कूपनं म्हणजे कधीच न जुळलेली.

यादीची चोरी ही तेव्हाही डोकेदुखी होती. पन्नास हजार गिऱ्हाइकांच्या फ्लॉप्या एका पिशवीत मावायच्या, आणि ज्यांनी सगळ्या व्ही.पी. सोडवल्या अशा पाच हजारांची यादी त्याहून कितीतरी मोलाची. त्यावर सगळीकडे एकच उपाय होता. यादीत काही खोटी माणसं पेरायची. पत्ता खरा, मालकाच्या मेहुण्याचा किंवा मावशीचा, पण नावात एक अक्षर असं घालायचं जे घरात कुणाचंच नाही. त्या नावानं दुसऱ्याच कंपनीचं पत्रक आलं, की यादी फुटली हे कळायचं. आजोबांच्या यादीत तुमच्याच घरच्या पत्त्यावर एखादा अनोळखी माणूस सापडला, तर घाबरू नका.

आता हळव्या आठवणींबद्दल. मला त्या कळतात. मासिक हातात पडलं की आधी शेवटची पानं उघडणारी मुलं मीही बघितली आहेत. पार्सल येईपर्यंत रोज पोस्टमनची वाट बघायची, सायकलची घंटी ऐकून धावायचं. ग्रंथालीसारख्या चळवळीनं १९७४ नंतर खेडोपाडी नवी पुस्तकं पोचवली, आणि जिथं पुस्तकांचं दुकान शंभर किलोमीटरवर तिथं व्ही.पी. हेच दुकान होतं. व्यायामाचं बुलवर्कर मागवून बैठकीच्या खोलीत दंड फुगवणारा काका प्रत्येक घराण्यात एक तरी होताच.

पण त्या पार्सलात काय निघायचं, हेही आठवावं. व्ही.पी. फोडून बघायची ती पैसे दिल्यावरच. जाहिरातीत फोटो नव्हे तर चित्र असायचं, आणि चित्रातला रेडिओ घरी आला की हाताच्या तळव्याएवढा निघायचा. ‘संपूर्ण शिलाई यंत्र’ म्हणून सुई-दोऱ्याची चिमटी. ‘नशीब उजळणारी अंगठी’ तर ठरलेलीच. दगड आणि रद्दी भरलेल्या पार्सलांच्या तक्रारी पोस्टात कायम पडून असत. अशा लोकांनी खेड्यातल्या गिऱ्हाइकांच्या तोंडाला पानं पुसली, आणि त्याची किंमत सचोटीनं धंदा करणाऱ्यांनी परतीच्या पोत्यांत मोजली. एकदा फसलेला माणूस पुढच्या प्रामाणिक दुकानदाराचं पार्सलही दारातून परत पाठवायचा. आमच्या मोजणीत एका गावातून अचानक परतीची लाट आली, की बहुतेक वेळा तिथं कुणीतरी दुसऱ्यानं हात मारलेला असायचा. परतावा, बदलून देणं यातलं काही नव्हतं. तक्रारीचं पोस्टकार्ड लिहायचं आणि विसरायचं. माझं मत विचाराल तर खरेदी म्हणून आजचे दिवस कितीतरी बरे. त्या काळची वाट बघणं गोड वाटतं, कारण वाट बघणारे आपण लहान होतो.

आणि जग फार बदललंय असंही नाही. सीअर्सनं आपला मोठा कॅटलॉग १९९३ मध्ये बंद केला आणि ॲमेझॉन निघाली १९९४ मध्ये, हे सगळे सांगतात. पण आपल्याकडचे ऑनलाइन विक्रेते ‘कॅश ऑन डिलिव्हरी’वर डोकं धरून बसतात तेव्हा त्यांच्या खोलीत जो आकडा फळ्यावर असतो, तो परत आलेल्या पार्सलांचाच. एका पिनला ही सोय देतात, दुसऱ्याला देत नाहीत. एकदोनदा परत पाठवणाऱ्याला आधी पैसे भरायला सांगतात. हे वाचताना मला आमचं छापील कार्ड आठवतं.

फ्लॉप्यांचं आता नीट ऐका, कारण इथं घाई केली तर कायमचं नुकसान होईल. सांगलीच्या हवेत चाळीस वर्षं पडून राहिलेल्या फ्लॉपीवर बुरशी असण्याची शक्यता मोठी. मधल्या लांबट फटीतून तपकिरी चकती दिसते, तिला बोट न लावता, मधल्या भोकातून हलकेच फिरवत उजेडात बघा. पांढरे किंवा करडे ठिपके दिसले, तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशी ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही ओरखडते. अशा फ्लॉप्या वेगळ्या काढून जाणकाराकडून स्वच्छ करून घ्या.

ज्या स्वच्छ आहेत त्यांच्या बाजूच्या खाचेवर आधी कागदी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवा. सव्वापाच इंचीत खाच झाकली की लिहिणं बंद होतं. साडेतीन इंचीत उलटं असतं, छिद्र उघडं म्हणजे लिहिणं बंद. लोक यात गोंधळतात. मग जुना ड्राइव्ह मिळवा. १.२ एमबीचा ड्राइव्ह ३६० केबीची फ्लॉपी वाचू शकतो, पण तिच्यावर लिहू देऊ नका, त्याच्या हेडची रेघ बारीक असते आणि नंतर मूळ ड्राइव्हला तो मजकूर धड वाचता येत नाही. आजच्या कॉम्प्युटरला हा ड्राइव्ह थेट जोडता येत नाही. त्यासाठी ग्रीझवीझल नावाचं छोटं बोर्ड मिळतं, ते यूएसबीला लावून फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे उतरवून घेतं. आधी हे उतरवून घ्या, फायली शोधणं नंतर.

फायलींत डीबीएफ शेवट असलेल्या महत्त्वाच्या. एनडीएक्स म्हणजे अनुक्रमणिका, ती नसली तरी चालेल. वीज गेली की सगळ्यात आधी तीच बिघडायची आणि पुन्हा बनवावी लागायची. पीआरजी म्हणजे आजोबांचा प्रोग्रॅम, तो साध्या एडिटरमध्ये उघडतो. एलबीएल म्हणजे लेबलाचं माप. डीबीएफ लिब्रे ऑफिसमध्ये सरळ उघडते. त्यात एक गोष्ट बघाच. डीबेसमध्ये नोंद खोडली तरी ती लगेच पुसली जात नाही, नोंदीच्या सुरुवातीला फक्त एक तारा लागतो आणि ‘पॅक’ची आज्ञा देईपर्यंत ती तिथंच राहते. लिब्रे ऑफिसमध्ये खोडलेल्या नोंदी दाखवायची सोय आहे. आजोबांनी ज्यांची नावं काढून टाकली त्यातली बरीच अजून तिथं असतील, परतीच्या आकड्यासकट.

देवनागरीऐवजी चित्रविचित्र चिन्हं दिसली, तर ती बहुधा जिस्टची साठवण, भारतीय लिप्यांच्या जुन्या इस्की संकेतातली. युनिकोडमध्ये बदलणारे प्रोग्रॅम आहेत, निराश होऊ नका.

एक विनंती. त्या यादीत खऱ्या माणसांची नावं, घरं, कुणी काय मागवलं, कुणाकडे पैसे नव्हते, हे सगळं आहे. औषधांच्या मागण्या असतील तर आणखीच नाजूक. धंद्याचा अभ्यास करायचा तर गावावार आणि महिन्यावार बेरजा काढा. त्या जगाला खुशाल दाखवा, नावं मात्र घरातच ठेवा. कूपनांचे गठ्ठे रबरातून सोडवा, जुनं रबर कागदाला चिकटून डाग पाडतं. टाचण्या काढा, आणि कूपनं शक्यतो पोस्टाच्या शिक्क्यावरच्या तारखेनं लावा. फ्लॉपी वाचता आली नाही, तरी त्या तारखांवरून आजोबांचा एक वर्षाचा धंदा पुन्हा मांडता येईल.